आधी हात

पहाटे ५. ऑक्टोबरचा मध्य. निफाड तालुक्यात या दिवसांत बागांमधून कात्रीचा आवाज सुरू असतो. काल आमची तीन एकरांची छाटणी उरकली, आज पेस्ट लावायची. म्हणजे छाटलेल्या काडीच्या टोकाकडच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण पुसायचं. आपल्याकडे वेलीला पुरेशी थंडी मिळत नाही, डोळे मागेपुढे फुटतात. या औषधाने ते एकसारखे फुटतात. ‘पेस्ट’ हे नाव इतकं घरगुती आहे की त्याचा धाक वाटत नाही, आणि मला भीती त्याचीच आहे.

औषधांची कोठी घरापासून लांब आहे आणि किल्ली माझ्याच कमरेला. बाटलीवरचा त्रिकोण रोज बघतो, पाठ असला तरी. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. पीक डोक्याच्या वर वाढलं होतं, त्यात शिरून ते फवारत होते. आमचा मांडवही डोक्यावरच असतो. ती बातमी वाचल्यापासून कोठी उघडताना मी घाई करत नाही.

साडेसहा. टोळी आली. सुरगाण्याकडची माणसं, गेली पाच वर्षं तीच. मला ‘भाऊ’ म्हणतात, मुकादमाला मी ‘मामा’. काम वाटायच्या आधी मामा प्रत्येकाला बाजूला घेऊन एकच विचारतात, “काल घेतली का?” कोणी हो म्हटलं तर त्याला पेस्ट नाही. तो छाटलेल्या काड्या वेचेल, तारा ओढेल. रोजी तेवढीच मिळेल. सुरुवातीला मी अशा माणसाला परत पाठवायचो. मग सगळेच ‘नाही’ म्हणायला लागले. रोजी बुडणार असेल तर खरं कोण सांगेल?

हा प्रश्न कुठून आला, तेही सांगतो. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे दिवसभर पेस्ट लावून एक जण संध्याकाळी प्यायला बसला. थोड्याच वेळात तोंड आणि छाती लालबुंद, धाप, उलट्या. आम्हाला वाटलं, दारूच भेसळीची. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर काय हाताळलं? बाटली आमच्यासोबत नव्हती, नाव नीट सांगता येईना. त्यात गेलेला वेळ मला अजून आठवतो. वाचला तो. दारूपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष तयार होतं आणि एक विकर ते मोडून टाकतं. सायनामाइड त्या विकरालाच अडवतं. मग थोडी दारूही अंगभर आग लावते. जपानमध्ये दारू सोडवायला सायनामाइडच औषध म्हणून देतात. म्हणून आमच्याकडे पेस्टच्या आदल्या दिवशी दारू नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरचे काही दिवसही नाही. बाटलीच्या लेबलचा फोटो माझ्या, बायकोच्या आणि मामांच्या फोनमध्ये असतो.

दुसरा प्रश्न बायांना माझी बायको विचारते, मी नाही. कोणाला दिवस गेलेत का, कोणाचं मूल अंगावर पितं का. त्यांनाही पेस्ट नाही.

आठ. काम सुरू. डबा, काठीला बांधलेला स्पंज, द्रावणात रंग टाकलेला, म्हणजे कोणती काडी झाली ते कळतं. हातमोज्यांचं एक साधं तंत्र मला फार उशिरा समजलं. मांडवाखाली हात कायम वर असतात. ओघळ मनगटावरून आत शिरतो आणि मोज्याच्या आत औषध हातालाच शेकत बसतं. त्यापेक्षा मोजा नसलेला बरा. मोज्याची कड बाहेरून दोन बोटं उलटी दुमडली की ओघळ त्या पन्हाळीत अडतो. तेवढ्या दुमडीने कोपराजवळचे चट्टे गेले. डोक्याला फडकं, डोळ्यांना चष्मा. चष्मा घामाने धुरकटतो, माणसं तो कपाळावर सरकवतात आणि मी पुन्हा खाली करायला सांगतो. दिवसातून तीसेक वेळा. कंटाळत नाही.

साडेदहा. चहा, आणि चहापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तंबाखू. चुना लावून ती तळहातावर मळायची, अंगठ्याने घासायची आणि ओठाखाली ठेवायची. हात औषधाचा असेल तर ते औषध थेट तोंडात जातं. तंबाखू सोडा असं सांगून मी थकलो, पण या कामापुरतं वेगळं सांगितलं: पुड्या खिशात नाहीत, पाण्याच्या टाकीजवळच्या पत्र्याच्या डब्यात. डबा उघडायचा तर टाकीपाशी यावंच लागतं, तिथे साबण बांधलेला असतो. आधी मोजे घातलेले हात धुवायचे, मग मोजे काढायचे, मग उघडे हात. लघवीला जाण्याआधीही तसंच. हे पुरुषांना सांगताना लाज वाटायची, आता नाही वाटत.

एक. जेवण बागेबाहेर, आंब्याखाली.

जेवताना जुनी गोष्ट आठवते. २०१० साली आमच्या भागातली द्राक्षं युरोपच्या बंदरांत अडकली होती. क्लोरमेक्वाट क्लोराइड, आपण ज्याला लिहोसिन म्हणतो, त्याचा अंश मण्यांत सापडला. कित्येक बागायतदार कर्जात गेले. तेव्हापासून अंशाची तपासणी अंगवळणी पडली. काढणीआधी किती दिवस काय मारायचं नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि तो धडा चांगलाच होता. पण हायड्रोजन सायनामाइडला युरोपने २००८ मध्ये स्वतःच्या शेतांसाठी मान्यता नाकारली, ती हाताळणाऱ्या माणसांच्या आरोग्याला धोका म्हणून. डोळे फुटायच्या आधी लावलेलं हे औषध मण्यापर्यंत पोचायचा प्रश्न फारसा नसतो. ते पोचतं हातात. त्या हाताचा नमुना कोणतीच प्रयोगशाळा मागत नाही.

चार. पलीकडच्या, आधी छाटलेल्या प्लॉटवर डाऊनी रोगावरची फवारणी. ब्लोअरच्या फिरत्या शाफ्टवर झाकण आहे का ते बघून, उपरणं उतरवून मगच मी ट्रॅक्टरवर बसतो. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. त्यासाठी जुना टूथब्रश तारेने ट्रॅक्टरलाच बांधलाय. रिकामी बाटली तीनदा विसळून पाणी टाकीत ओततो आणि बाटलीला तिथेच खिळ्याने भोकं पाडतो, नाहीतर तिच्यात उद्या कोणी रॉकेल भरेल, तेल भरेल.

साडेसहा. आंघोळ झाल्याशिवाय कोणी लेकराला उचलायचं नाही. बायांना हे सगळ्यात अवघड जातं. दिवसभर लांब असलेलं मूल धावत येतं आणि आई हात मागे घेते. म्हणून आता पाणी पाचलाच तापत ठेवतो आणि बायांची सुट्टी अर्धा तास आधी. कामाचे कपडे वेगळ्या घमेल्यात. अंधार पडला की पोरं खोलीत; शेजारच्या उसात बिबट्या आहे. बाहेर पडणारा मोठ्याने बोलत जातो किंवा फोनवर गाणं लावतो.

रात्री ९. मोजे धुऊन तारेवर, बोटं खाली. मोजले. चौदा जोड दिले होते, तेरा आणि एक उजव्या हाताचा. डावा नाही. बांधावर, टाकीपाशी, डब्यांत बघितलं. शेवटी टोळीच्या खोलीकडे गेलो. मामांच्या नातवाने मोजा पाण्याने फुगवला होता आणि त्याची पाच बोटं पिळून धार उडवत होता. मी ओरडलो नाही. बॅटरी मामांच्या हातात दिली, पोराला टाकीपाशी नेलं, हात, तोंड, गळा साबणाने धुतला, सदरा बदलायला लावला. मामा रात्री दोनदा उठून त्याला बघतो म्हणाले. मीही फोन उशाशी ठेवला.

दहाला थ्री-फेज वीज आली. बूट, काठी, बॅटरी घेऊन मोटारीकडे निघालो. वाटेत शेततळ्यातला, कोणी पडलं तर धरायचा गाठीचा दोर ओढून बघितला, घट्ट होता.

उद्यापासून मोजे मोजायची वेळ साडेपाच. पोरं टाकीकडे यायच्या आधी.