तुलना आणि भेद : इंग्रजी निबंधलेखनाची एक रीत

प्रस्तावना

तुलना ही माणसाची रोजची गरज आहे. बाजारात दोन ठिकाणचे भाव विचारून मगच आपण पिशवी पुढे करतो. नवे काम स्वीकारताना दोन ठिकाणचा पगार, जाण्यायेण्याचे अंतर आणि कामाचे तास मनाशी ताडून पाहतो. असे असूनही इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत दोन गोष्टींची तुलना लिहावयाची वेळ आली, की अनेकांची लेखणी अडखळते. इंग्रजी शब्दांची उणीव हे त्याचे एकमेव कारण नव्हे. मनात झरझर होणारी तुलना कागदावर क्रमाने मांडण्याची आपल्याला सवय नसते, हे त्याहून मोठे कारण आहे. ही सवय कशी लावून घ्यावी, ते या पाठात पाहू. पाठातील इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा आणि नंतर वहीत इंग्रजी लिपीत लिहून काढा.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• साम्य आणि भेद यांसाठी योग्य निकष निवडणे;
• मुद्द्यांचा तक्ता तयार करून निबंधाची मांडणी ठरवणे;
• तुलनेची इंग्रजी वाक्ये अचूक लिहिणे;
• तुलनेतून निघणारा निष्कर्ष स्पष्टपणे मांडणे.

१. प्रश्न काय मागतो?

इंग्रजी प्रश्नांत ‘कम्पेअर’ आणि ‘कॉन्ट्रास्ट’ हे दोन शब्द येतात. ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणजे फक्त भेद दाखवणे. ‘कम्पेअर’ म्हटले, की साम्याचा विचार आलाच. बहुतेक वेळा त्यात भेदही अपेक्षित असतो. दोन्ही शब्द एकत्र आले, तर साम्य आणि भेद या दोहोंना उत्तरात जागा द्यावी लागते. म्हणून लिहिण्यापूर्वी प्रश्नातील क्रियापदाखाली रेघ ओढावी.

ज्या दोन गोष्टींत काहीच समान नाही, त्यांची तुलना व्यर्थ होय. नदी आणि घड्याळ यांची तुलना कोणी करीत नाही. दोन नद्यांची तुलना मात्र करता येते, कारण ‘नदी असणे’ हा त्यांचा समान पाया आहे. या पायावर उभे राहिल्यावरच भेद नजरेत भरतात.

२. दोघांना एकच माप

तुलनेचा पहिला नियम असा, की दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजाव्यात. या मापालाच निकष म्हणतात. माप बदलले, की तुलना फसवी होते.

एक उदाहरण घेऊ. दोन ठिकाणी १२,००० रुपयांचे कर्ज एका वर्षासाठी मिळते. दोन्हीकडे व्याजाचा दर शेकडा १२ असाच सांगितला जातो आणि फेड बारा समान मासिक हप्त्यांत करावयाची आहे. पहिल्या ठिकाणी वर्षभर मूळ रकमेवरच व्याज आकारतात. तेथे व्याज १,४४० रुपये होते. दुसऱ्या ठिकाणी हप्त्यागणिक घटत जाणाऱ्या मुद्दलावर व्याज आकारतात. तेथे व्याज सुमारे ७९४ रुपये होते. केवळ दर पाहणाऱ्याला दोन्ही कर्जे सारखी वाटतील. ‘वर्षाअखेर एकूण किती रुपये द्यावे लागतील?’ हा निकष लावणाऱ्यालाच खरा फरक दिसेल.

माणसांच्या बाबतीत तर हा नियम अधिकच पाळावयास हवा. ‘थोरल्या भावासारखा तू हुशार नाहीस’ हे वाक्य पुष्कळांनी लहानपणी ऐकलेले असते. येथे निकष कोणता, हे बोलणारा सांगत नाही आणि दोघांना मिळालेली संधी सारखी होती का, हेही पाहत नाही. अशा बोलण्याने मन दुखावते, पण कोणाविषयी काही कळत नाही. तुलनात्मक निबंध लिहिण्याचा सराव म्हणजे एका परीने न्यायाने बोलण्याचाच सराव आहे.

३. आधी तक्ता, मग निबंध

आता गोदावरी आणि नर्मदा या दोन नद्यांवर निबंध लिहावयाचा आहे, असे समजू. प्रथम वहीत तक्ता करावा. डावीकडे निकष आणि त्यापुढे दोन्ही नद्यांची माहिती लिहावी.

निकष — गोदावरी — नर्मदा
उगम — त्र्यंबकेश्वर, नाशिक जिल्हा — अमरकंटक, मध्य प्रदेश
लांबी — सुमारे १,४६५ किमी — सुमारे १,३१२ किमी
दिशा — पूर्वेकडे — पश्चिमेकडे
कोठे मिळते — बंगालचा उपसागर — अरबी समुद्र (खंभातचे आखात)
मुखाचे स्वरूप — त्रिभुज प्रदेश — खाडी
पाण्याचा स्रोत — मुख्यतः पाऊस — मुख्यतः पाऊस

तक्त्यातील एखादा रकाना रिकामा राहिला, तर तो निकष सोडून द्यावा किंवा माहिती मिळवावी. एका नदीची लांबी आणि दुसरीची केवळ दिशा सांगणे ही तुलना नव्हे.

तक्ता तयार झाल्यावर मांडणीच्या दोन वाटा असतात. पहिल्या वाटेने गोदावरीविषयी सर्व काही एका परिच्छेदात आणि नर्मदेविषयी सर्व काही दुसऱ्या परिच्छेदात लिहितात. लहान उत्तराला ही रीत सोयीची असते. मात्र दुसऱ्या परिच्छेदातही निकषांचा क्रम तोच ठेवावा लागतो. दुसऱ्या वाटेने एकेक निकष घेऊन दोन्ही नद्यांविषयी शेजारी शेजारी लिहितात. मोठ्या निबंधाला ही रीत अधिक चांगली, कारण वाचकाला आधीचा परिच्छेद आठवत बसावे लागत नाही.

४. मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य

मराठीत तुलनेचा भार ‘पेक्षा’ हा शब्दयोगी पेलतो आणि विशेषणाचे रूप बदलत नाही : ‘गोदावरी नर्मदेपेक्षा लांब आहे.’ इंग्रजीत विशेषणच बदलते आणि पुढे ‘दॅन’ येते : ‘द गोदावरी इज लाँगर दॅन द नर्मदा.’ लहान विशेषणाला बहुधा ‘अर’ हा प्रत्यय लागतो. मोठ्या विशेषणापूर्वी ‘मोअर’ येते. दोन्ही एकदम वापरून ‘मोअर लाँगर’ असे लिहू नये. इंग्रजीत नदीच्या नावापूर्वी ‘द’ लागतो, हेही ध्यानात ठेवावे. मराठीत असा शब्द नसल्यामुळे तो हमखास राहून जातो.

आणखी एक सूक्ष्म भेद आहे. ‘गोदावरीचे खोरे नर्मदेपेक्षा मोठे आहे’ असे आपण सहज म्हणतो आणि ऐकणाराही ‘नर्मदेच्या खोऱ्यापेक्षा’ असे समजून घेतो. इंग्रजीत असेच लिहिले, तर खोऱ्याची तुलना नदीशी होते. म्हणून तेथे ‘दॅट ऑफ’ घालावे लागते : ‘द बेसिन ऑफ द गोदावरी इज लार्जर दॅन दॅट ऑफ द नर्मदा.’

दोन वाक्ये जोडताना साम्यासाठी ‘बोथ’, ‘लाइक’, ‘सिमिलरली’ आणि भेदासाठी ‘अनलाइक’, ‘व्हाइल’, ‘व्हेअरॅज’ हे शब्द उपयोगी पडतात. मराठीतील ‘तर’चे काम ‘व्हेअरॅज’ करते. ‘गोदावरी पूर्वेकडे वाहते, तर नर्मदा पश्चिमेकडे’ याचे इंग्रजी असे होईल : ‘द गोदावरी फ्लोज ईस्ट, व्हेअरॅज द नर्मदा फ्लोज वेस्ट.’ हे शब्द नेमके वापरावेत. प्रत्येक वाक्यात त्यांची गर्दी करू नये.

५. तुलनेतून काय कळले?

साम्ये आणि भेद मोजून दाखवले, म्हणजे निबंध पुरा होत नाही. ‘मग काय?’ असा प्रश्न वाचक शेवटी विचारणारच. त्याचे उत्तर म्हणजे निष्कर्ष.

दोन्ही नद्या द्वीपकल्पाच्या, दोन्ही पावसावर पोसलेल्या, दोन्ही लोकांना पूज्य. तरीही त्यांच्या दिशा भिन्न का? पठाराचा सर्वसाधारण उतार पूर्वेकडे असल्यामुळे गोदावरी पूर्वेला जाते. नर्मदा विंध्य आणि सातपुडा यांच्यामधील खचदरीतून वाहत असल्यामुळे पश्चिमेला वळते. गोदावरी किनाऱ्यावरील सपाट प्रदेशात गाळ पसरवते. तेथे भातशेतीचा सुपीक त्रिभुज प्रदेश तयार झाला आहे. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटीचा जोर मोठा असून तेथे खाडी आहे. म्हणजे या भेदांचे मूळ भूमीच्या रचनेत आहे. निबंधाचे मुख्य विधान आता असे लिहिता येईल : ‘दो बोथ रिव्हर्स डिपेंड ऑन द रेन्स, द लँड हॅज सेंट देम टू डिफरंट सीज.’ हे वाक्य पहिल्या परिच्छेदात ठेवावे आणि शेवटी तोच विचार अधिक पुराव्यानिशी मांडावा.

पाठगत प्रश्न

१. ‘मोअर लाँगर’ ही रचना अशुद्ध का आहे?
२. कर्जाच्या उदाहरणात कोणत्या निकषाने खरा फरक दिसला?
३. मोठ्या निबंधासाठी कोणती मांडणी अधिक चांगली?

तुम्ही काय शिकलात?

• समान पाया असलेल्या गोष्टींचीच तुलना करावी आणि दोन्हींना एकच निकष लावावा.
• तक्ता आधी करावा. मांडणीची वाट नंतर निवडावी.
• इंग्रजीत विशेषणाचे रूप, ‘दॅन’ आणि ‘दॅट ऑफ’ यांकडे लक्ष द्यावे.
• निष्कर्षावाचून तुलना अपुरी राहते.

स्वाध्याय

१. तुम्ही राहता ते गाव आणि तुमच्या परिचयाचे दुसरे एखादे गाव यांचा चार निकषांवर तक्ता करा व त्यावरून इंग्रजीत दीडशे शब्दांचा निबंध लिहा.
२. तुम्हांला प्रत्यक्ष निवड करावयाची आहे अशा दोन गोष्टी घ्या. उदाहरणार्थ, दोन कामे किंवा दोन अभ्यासक्रम. निकष ठरवून तुलना लिहा आणि निर्णय एका इंग्रजी वाक्यात मांडा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. ‘अर’ प्रत्यय आणि ‘मोअर’ ही एकच काम करतात. त्यांपैकी एकच वापरावे.
२. वर्षाअखेर द्यावी लागणारी एकूण रक्कम.
३. एकेक निकष घेऊन दोन्ही गोष्टींविषयी शेजारी शेजारी लिहिण्याची.