मोडीत गेलेला अडकित्ता

टेंभी नाक्याजवळचा आमचा वाडा १९८४ साली पाडला. त्याच्या बरेच आधी घरातले तांबे-पितळ निघून गेले होते. आत्याचे लग्न ठरले होते, स्टीलची भांडी घ्यायची होती, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे जुनी भांडी दुकानात 'मोड' म्हणून द्यायची होती. आपण 'मोडीत काढणे' म्हणतो ते इथूनच आलेले. घंगाळ, लामणदिव्यांची जोडी, पुरणयंत्र, कुठल्यातरी काळातला चुन्याचा डबा असे सगळे पोत्यात भरून वडिलांनी हातगाडीवर घातले. पोत्याच्या तळाशी एक अडकित्ता होता. पितळेचे दोन पोपट, चोचीला चोच लावलेले. पात लोखंडाची, म्हणून दुकानदाराने वजनातून घट कापली. मोबदल्यात सहा वाट्या जास्त आल्या.

आजी त्या दिवशी काही बोलली नाही. संध्याकाळी सुपारी फोडायला बसली आणि उठून आत गेली, एवढेच मला आठवते. वडिलांना दोष देण्यातही अर्थ नाही. कल्हईवाला येईनासा झाला होता आणि रोज चिंच लावून घंगाळ घासायला घरात माणूस उरले नव्हते. स्टील हलके, लखलखीत आणि बिनतक्रार. ठाण्यातल्या घराघरांतून तेव्हा हेच चालले होते.

मुलीच्या शाळेची सहल पुण्याला निघाली, मदतीला पालक हवे होते, म्हणून मी गेले. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एका काचेच्या कपाटापुढे माझे पाय थांबले. आत अडकित्तेच अडकित्ते. घोडे, मोर, स्त्री-पुरुषांच्या जोड्या. शेजारी पाय घासायच्या वज्र्या, ज्यांच्या मुठीवर पक्षी बसलेले. आमच्या घरी जे पोत्याच्या तळाशी गेले, ते इथे मखमलीवर होते.

हे जमवणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) काही संस्थानिक नव्हते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे, पोटापाण्यासाठी चष्म्याच्या दुकानात बसणारे गृहस्थ. साधारण १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि पुढची साठ-सत्तर वर्षे देशभर हिंडून सुमारे २०,००० वस्तू जमवल्या. संग्रहालयाला नाव दिले ते लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे. १९७५ साली सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. त्यातल्या जेमतेम अडीच हजार वस्तू एका वेळी मांडता येतात. कोथरूडहून आणलेला मस्तानी महालही तिथे पुन्हा उभा केलेला आहे, आणि सहलीतली मुले त्यापुढेच जास्त रेंगाळतात. मला मात्र केळकरांचे मोठेपण त्या वज्रीत दिसते. राजाची तलवार कोणीही जपेल. बाईच्या टाचा घासायच्या वस्तूत कारागिराची कला पाहायला निराळी नजर लागते.

ही नजर जगात इतरत्रही काहींना होती. जपानमध्ये यानागी सोएत्सु यांनी साध्या कारागिरांची, नाव नसलेली भांडीकुंडी गोळा करून १९३६ साली टोकियोत संग्रहालय उघडले. अमेरिकेतले वास्तुरचनाकार अलेक्झांडर जिरार्ड यांनी देशोदेशींची खेळणी, बाहुल्या आणि कापडे जमवली आणि १९७८ साली लाखाहून अधिक वस्तू सँटा फे इथल्या लोककला संग्रहालयाला देऊन टाकल्या. आपल्या शेजारी अहमदाबादला १९८१ पासून नुसत्या भांड्यांचे संग्रहालय आहे.

पण भांड्याची गंमत अशी की आपल्याकडे ते बोलतेही. जुन्या तांब्याचा काठ उजेडात धरून बघा. छिन्नीने ठोके देऊन घातलेले नाव असते, कधी गाव, कधी साल, कधी कोणाच्या लग्नाप्रीत्यर्थ कोणी दिले तेही. ज्या बायकांचे नाव घराच्या कुठल्याच कागदावर नव्हते, त्यांचे ते पातेल्यावर होते! वजनकाट्यावर या ठोक्यांचे मोल शून्य.

आता वारा उलटा वाहतो. वाड्यांचे कोरीव खांब आणि दरवाजे मुंबईच्या चोर बाजारात हजारोंनी किंमत करून मिळतात आणि हॉटेलांच्या भिंतींवर पुरणयंत्रे टांगलेली दिसतात. मागणी आली की नक्कल येतेच. नवे पितळ रसायनाने काळवंडून 'पेशवेकालीन' म्हणून खपवतात. म्हणून घेताना मूठ बघावी. जी जागा हाताने वर्षानुवर्षे झिजते, तिथेच झीज असायला हवी. आणि घरात खरी वस्तू असेल तर ती ॲसिडने चकचकीत करू नये. तिचे वय त्या रंगात असते.

आणखी एक. मुलगा अमेरिकेत असतो, आजीची समई त्याला पाठवू, असे अनेक घरांत चालते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखित पोथीला ही मर्यादा पंच्याहत्तर वर्षांची आहे. वस्तू तेवढी जुनी नसेल तर तसा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा.

पुण्याहून परतल्यावर मी ठाण्यातल्या भंगाराच्या दुकानांतून उगाचच डोकावू लागले. पोपटांचा अडकित्ता मिळाला नाही, मिळणारही नाही. तो केव्हाच वितळला असेल. एक तांब्या मात्र मिळाला, चेपलेला, कल्हई उडालेला. भंगारवाल्याने तो वजनावरच दिला. घरी आणून पुसला तर काठावर एका बाईचे नाव, तिच्या सासरचे आडनाव आणि पुढे 'ठाणे' इतके निघाले. आमच्या ओळखीचे नव्हते. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचले, तांब्या हातात फिरवला आणि म्हणाली, "हिचं कोणी असेल का गं अजून ठाण्यात? विचारून बघ."

शेजारच्या दोन इमारतींत विचारून झाले आहे.