काटेरी वेली, उद्यानातील

काट्यांच्या किंवा आकड्यांच्या साहाय्याने आधारावर चढणाऱ्या आणि शोभा, कुंपण, खाद्य वा औषध यांसाठी बागेत लावता येणाऱ्या वेलींना सोयीसाठी ही संज्ञा वापरतात. त्या एकाच कुलातील नाहीत. वेली गुलाब व बोगनवेल (बुगनविलिया) सर्वपरिचित असल्याने येथे मुख्यतः घरगुती बागेत क्वचित आढळणाऱ्या जातींचा विचार केला आहे.

काट्यांचे कार्य : काटा केवळ गुरांपासून संरक्षण करतो, असा सर्वसाधारण समज आहे, परंतु या वेलींत तो आरोहणाचेही साधन असतो. चार्ल्स डार्विन यांनी आरोही वनस्पतींवरील आपल्या विवेचनात (१८६५, ग्रंथरूपाने १८७५) आधाराभोवती गुंडाळणाऱ्या, पानांनी वा प्रतानांनी (तनाव्यांनी) पकडणाऱ्या, आकड्यांनी चढणाऱ्या व मुळांनी चिकटणाऱ्या असे वेलींचे प्रकार मानले. त्यांपैकी आकड्यांनी चढणाऱ्या वेली त्यांना सर्वांत कमी कार्यक्षम वाटल्या. कारण त्या स्वतः आधाराला विळखा घालीत नाहीत, तर दाट गुंतलेल्या झाडोऱ्यातून वर सरकतात आणि मागे वळलेल्या काट्यांमुळे खाली घसरत नाहीत. बागेत या वेली नीट न वाढण्याचे बहुधा हेच कारण असते. गुळगुळीत खांब किंवा सपाट भिंत त्यांना निरुपयोगी ठरते. जाळी, कामट्यांचा ताटवा किंवा दुसरे दणकट झुडूप हाच त्यांचा खरा आधार होय.

काट्यांची उत्पत्ती : गुलाबाचे काटे खोडाच्या बाह्य स्तरांपासून निघालेले असून बाजूस दाबल्यास सहज निखळतात. बोगनवेलीचा काटा पानाच्या बगलेतील रूपांतरित फांदी असल्याने तो तसा निघत नाही. वाघाटीत उपपर्णांचे, तर शतावरीत खोडावरील मूळ पानांचे काटे होतात. रंगूनच्या वेलीत पान गळल्यावर देठाचा खालचा भाग राहून कठीण काटा बनतो. हिरव्या चाफ्यात फुलोऱ्याचा दांडाच आकड्यासारखा वळतो.

निवडक जाती : वाघाटी (लॅ. कॅपॅरिस झेलॅनिका, कुल–कॅपॅरेसी) ही भारतातील पानझडी वनांत व कुंपणांत आढळणारी, मोठी झुडपासारखी वेल. पानांच्या तळाशी आकड्यासारख्या काट्यांची जोडी असते. फुले प्रथम पांढरी, नंतर गुलाबी. लांब केसरदलांमुळे ती तुऱ्यांसारखी दिसतात. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीस सोडताना तिच्या फळांची भाजी करण्याचा प्रघात महाराष्ट्रात अनेक घरांत आहे. काही फुलपाखरांच्या अळ्या तिची पाने खाऊन वाढतात. म्हणून पाने कुरतडलेली दिसताच कीटकनाशक फवारणे इष्ट नव्हे. पक्व फळातील ताजे बी पेरून रोपे करतात.

हिरवा चाफा (लॅ. आर्टाबॉट्रिस हेक्सापेटॅलस, कुल–ॲनोनेसी) सुवासासाठी लावतात. फुले प्रथम हिरवी व पानांत लपलेली असतात. पिवळसर झाल्यावर त्यांचा सुगंध दरवळतो. ती आकड्यांवरच येत असल्याने छाटणीत आकडे असलेल्या फांद्या सरसकट काढू नयेत. बी सावकाश रुजते; दाब कलमाने लागवड करता येते.

शतावरी (लॅ. ॲस्परॅगस रॅसिमोसस) मोठ्या कुंडीतही वाढते. तिची सुईसारखी हिरवी ‘पाने’ वस्तुतः रूपांतरित फांद्या असून फुले बारीक, पांढरी व सुवासिक असतात. तिच्या मांसल मुळ्या औषधी आहेत. मुळ्यांसाठी रानातील वेली खणून काढल्या जात असल्याने बागेसाठी बियांपासून केलेली रोपेच घ्यावीत.

सागरगोटा (लॅ. सीसॅल्पिनिया बाँडक) समुद्रकिनारी विशेष आढळतो. खोड, पानांचे दांडे व शेंगा काटेरी असतात. मुलींच्या खेळातील करड्या, गुळगुळीत बिया याच वेलीच्या होत. बियांचे कवच अतिशय कठीण व पाणी न शिरणारे असल्याने त्या समुद्रात दूरवर तरंगत जातात. म्हणून पेरण्यापूर्वी बी एका बाजूस कानशीने घासून पाण्यात भिजत घालतात. विस्तार मोठा असल्याने ही वेल लहान अंगणास योग्य नाही, परंतु कुंपणास उत्तम आहे.

विदेशी जातींपैकी मध्य अमेरिकेतील सोलॅनम वेंडलँडाय ही वांग्याच्या प्रजातीतील वेल जांभळट निळ्या फुलांच्या मोठ्या झुबक्यांसाठी लावतात. खोड व पानांची मध्यशीर यांवर लहान, वक्र काटे असतात. छाट कलमांनी ती सहज वाढते. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील पेरेस्किया ॲक्युलियाटा ही निवडुंगाच्या कुलातील असूनही रुंद पानांची वेल आहे. तिच्या कोवळ्या फांद्यांवर चढण्यास उपयोगी अशा वक्र काट्यांच्या जोड्या, तर जुन्या खोडावर सरळ काट्यांचे झुपके असतात. ब्राझीलमध्ये तिची पाने भाजीसाठी वापरतात. दक्षिण आफ्रिकेत मात्र बागेतून निसटून तिने झाडे झाकून टाकली व ती उपद्रवी तण ठरली. खोडाचे तुकडेही रुजत असल्याने तिची छाटण ओढ्यात, मोकळ्या जागी किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नये.

लागवड व निगा : लागवड पावसाळ्याच्या आरंभी करतात. खड्ड्यात कुजलेले शेणखत घालतात व पाण्याचा निचरा चांगला राखतात. आधार वेल लावण्यापूर्वीच उभारणे आवश्यक आहे. वाढलेल्या काटेरी फांद्यांमध्ये तो नंतर बसविणे कठीण जाते. कोवळ्या फांद्या लवचिक असतानाच त्यांना वळण देऊन सुतळीने सैल बांधतात. जाण्यायेण्याच्या वाटा, खिडक्या व मुलांच्या खेळण्याची जागा यांपासून वेल दूर असावी. छाटणी सामान्यतः फुलांचा बहर संपल्यावर करतात. या वेळी चामड्याचे हातमोजे घालावेत. गुंतलेली फांदी हिसका देऊन न ओढता तिचे लहान तुकडे करून ती सोडवावी, कारण मागे वळलेले काटे ओढल्याने अधिकच रुततात. काटा लागल्यास जखम साबण व पाण्याने स्वच्छ धुवावी. धनुर्वाताची लस घेतलेली नसल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. मोडलेला काटा आत राहिल्यास किंवा गाठ, सूज वा न भरणारा व्रण दिसल्यास दुर्लक्ष करू नये. काट्यांबरोबर मातीतील सूक्ष्मजंतू व कवके शरीरात शिरतात.

पूर्वी शेताच्या व परसाच्या जिवंत कुंपणांत वाघाटी, सागरगोटा, चिलार यांसारख्या वेली आपोआप टिकून राहत. तारेची व विटांची कुंपणे जसजशी वाढली, तसतसा हा आसरा कमी झाला. घराच्या हद्दीवर जाळीचा आधार देऊन लावलेली एखादी वाघाटीही म्हणूनच केवळ शोभेची बाब राहत नाही. भाजी, फुलपाखरे व पक्ष्यांची घरटी या सर्वांना ती पुन्हा जागा करून देते.