नूटकाची कातडी आणि मुंबईची जहाजे

आगाशीच्या जिनालयात मूलनायक श्री मुनिसुव्रत स्वामींचे चैत्यवंदन करून यात्रेकरू बाहेर आला की सोबतची वडीलधारी मंडळी मोतीशा शेठांची गोष्ट हटकून सांगतात. मुंबईचा तो धनाढ्य श्रावक, चीनपर्यंत जाणारा त्याचा व्यापार आणि त्या धनातून उभे राहिलेले हे मंदिर. भाविकाचे मन तेथेच तृप्त होते. परंतु थोडे पुढे जाऊन अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले, तर चीनच्या त्याच जलमार्गाची आणखी एक कथा आठवावी अशी आहे. ती फारशी सांगितली जात नाही, कारण तिच्या शेवटी मंदिर नाही.

समुद्राचे नाते आगाशीला नवे नाही. सोळाव्या शतकात येथे लाकडाचा व्यापार चाले, जहाजे बांधली जात. म्हणूनच १५३० आणि १५३१ साली पोर्तुगीजांनी हे गाव लुटले. पुढे १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि हा मुलूख पेशव्यांकडे आला. दक्षिणेस मुंबई बंदर इंग्रजांचे होते आणि तेथून कापूस चीनला जात असे. आपली कथा त्या बंदरातून सुरू होते.

१७८४ साली कॅप्टन कुक यांच्या शेवटच्या सफरीचा वृत्तांत लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर खलाशांनी किरकोळ वस्तू देऊन घेतलेली समुद्री पाणमांजराची कातडी कँटनच्या बाजारात विकली गेली आणि उत्तम कातड्याला १२० डॉलरपर्यंत भाव आला, ही त्यातील बातमी व्यापाऱ्यांनी भूगोलापेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचली. या प्राण्याच्या अंगावर इतर सागरी प्राण्यांप्रमाणे चरबीचा थर नसतो. थंडीपासून बचावासाठी त्याच्याजवळ केवळ केस असतात. एका चौरस इंचात काही लाख. तेच त्याच्या जिवावर उठले. चीनमधील श्रीमंत आणि अधिकारी आपल्या झग्यांना ही कातडी लावीत.

मुंबईतील व्यापारी डेव्हिड स्कॉट आणि मद्रासच्या कंपनी सेवेतील जेम्स स्ट्रेंज यांनी या बातमीवर भांडवल लावले. दोन जहाजे सज्ज झाली. मोठ्या ३०० टनी जहाजाला त्यांनी ‘कॅप्टन कुक’ असेच नाव दिले. लहान १०० टनी जहाज ‘एक्सपेरिमेंट’. डिसेंबर १७८५ मध्ये ती मुंबईहून निघाली आणि पुढच्या वर्षीच्या जूनअखेर नूटकाच्या परिसरात पोहोचली. वाटेत रक्तपितीने खलाशी खंगले होते.

नूटका हे आजच्या कॅनडातील व्हॅन्कूव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ठिकाण. तेथील मोवाचाट लोकांचा प्रमुख माक्विना. पाहुण्यांनी बंदराला ‘मैत्रीचे बंदर’ असे नाव दिले आणि सौदे सुरू केले. आपल्यापैकी ज्यांचे आयुष्य पेढीवर गेले आहे, त्यांना तो प्रसंग डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही: एका बाजूला लोखंड आणि तांबे, दुसऱ्या बाजूला कातडी, आणि दोघेही समोरच्याच्या मालाला कमी लेखत आहेत. माक्विनाचे लोक भोळे नव्हते. त्यांचा आपसातला व्यापार जुना होता आणि भाव कसा चढवावा हे त्यांना ठाऊक होते.

स्ट्रेंज निघाला तेव्हा त्याने जॉन मॅके नावाच्या वैद्यकीय मदतनिसाला तेथेच ठेवले. त्याने भाषा शिकावी, पुढच्या हंगामासाठी माल जमवावा, असा हेतू. मॅकेने एक वर्ष हलाखीत काढले. १७८७ साली दुसऱ्याच एका व्यापारी जहाजाने त्याला उचलले. इतिहासकार या मॅकेची नोंद ‘तेथे राहिलेला पहिला युरोपियन व्यापारी’ अशा थाटात करतात. मला मात्र तो परक्या गावी विसरला गेलेला गुमास्ता वाटतो.

उत्तरेकडे जाताना बेटाच्या वायव्य टोकाला या मोहिमेने स्कॉटचे नाव दिले. तो ‘केप स्कॉट’ आजही नकाशावर आहे. मुंबईच्या एका पेढीमालकाचे नाव कॅनडाच्या खडकावर! पुढे मात्र बाजारात गर्दी झाली होती. त्याच वर्षी इंग्लंडहून पोर्टलॉक आणि डिक्सन आले होते, कलकत्त्याहून मियर्स, तर फ्रान्सचा ला पेरूझ शास्त्रज्ञांसह अलास्काच्या किनाऱ्यावर नकाशे काढीत होता. रशियन तर आधीपासूनच होते. शोध, व्यापार आणि ताबा या तिन्ही गोष्टी एकाच जहाजावर बसून आल्या. तीन वर्षांनी स्पेनने नूटका येथे मियर्सच्या भागीदारीतील जहाजे पकडली आणि १७९० मध्ये इंग्लंड व स्पेन युद्धाच्या उंबरठ्यावर आले. करार झाला तेव्हाच ते टळले.

स्कॉट-स्ट्रेंज जोडीला कँटनमध्ये सुमारे ६०० कातड्यांचे २४,००० डॉलर मिळाले. खर्चाच्या मानाने हा आकडा तोकडा होता, भागीदार बुडाले. परंतु त्यांचा तोटा ही या जमाखर्चाची केवळ एक बाजू.

श्रावकाच्या सातव्या व्रतात, म्हणजे भोगोपभोग परिमाण व्रतात, पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. त्यांतील दंतवाणिज्याचा अर्थ आचार्य हेमचंद्र ‘योगशास्त्रा’त केवळ हस्तिदंतापुरता ठेवत नाहीत. दात, केस, नखे, हाडे, कातडे असे त्रस जीवांचे अवयव व्यापारासाठी त्यांच्या उत्पत्तिस्थानी जाऊन घेणे, असा तो आहे. ‘उत्पत्तिस्थानी’ हा शब्द व्यापाऱ्याने लिहावा इतका नेमका आहे. गिऱ्हाईक दारात उभे राहिले की शिकारी वाढतो, हे बाराव्या शतकातील त्या साधूने ओळखले होते. नूटकात नेमके तेच घडले. पूर्वी गरजेपुरती होणारी शिकार जहाजांच्या हंगामाला बांधली गेली.

यावर आपण मान ताठ करावी काय? येथे मला थांबावेसे वाटते. १७८६ साली मोतीशा शेठ चारेक वर्षांचे बालक होते. पुढे ज्या चीन व्यापारात त्यांनी संपत्ती मिळवली, त्यात कापसाबरोबर माळव्याची अफूही होती. त्या काळच्या मुंबईतील मोठ्या अफू व्यापाऱ्यांत त्यांची गणना होते. विषवाणिज्य हेही पंधरा कर्मादानांपैकीच एक आहे. आणि याच शेठांनी १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाईंसमवेत मुंबईची पांजरापोळ उभी केली, शत्रुंजयावर टूंक बांधली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घरातील मुलांना एक सांगून दुसरी झाकणे मला प्रामाणिक वाटत नाही. त्यांचे प्रश्न आपल्यापेक्षा सरळ असतात.

पाणमांजरांचे पुढे काय झाले? सव्वाशे वर्षांत ती जवळपास संपली. १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षण मिळाले तेव्हा साऱ्या उत्तर प्रशांत महासागरात हजार-दोन हजारच उरली असावीत, असा अंदाज आहे. ज्या किनाऱ्यावर मुंबईची जहाजे गेली होती, तेथे १९२९ नंतर एकही दिसेना. ती गेल्यावर सागरी साळू, म्हणजे ती खात असलेले काटेरी जीव, अमर्याद वाढले आणि त्यांनी समुद्रतळाची शेवाळवने फस्त केली. त्या वनांत आश्रय घेणारे मासेही उणावले. १९६९ ते १९७२ या काळात अलास्काहून ८९ पाणमांजरे आणून व्हॅन्कूव्हर बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर सोडण्यात आली. आज त्यांची प्रजा काही हजारांत आहे आणि नूटकाच्या पाण्यात ती पुन्हा दिसू लागली आहे. पाठीवर पडून, पिलाला छातीवर घेऊन ती लाटांवर झोपतात; प्रवाहाने वाहून जाऊ नये म्हणून शेवाळाची एक लांब पात अंगाभोवती गुंडाळून घेतात.