गुलाबी जिथे संपतो

जुन्या इमारतीच्या खांबातून काढलेला काँक्रीटचा तुकडा ताजा फोडावा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे चार थेंब टाकावेत. आतला भाग क्षणात गर्द गुलाबी होतो, बाहेरची कड मात्र राखाडीच राहते. ती सीमारेषा पाहून मी दरवेळी थक्क होतो. हवा किती खोल शिरली, ते काँक्रीट स्वतःच सांगत असतं.

चांगल्या काँक्रीटचा सामू 12 ते 13 असतो, म्हणूनच आतला भाग गुलाबी होतो. इतक्या अल्कधर्मी वेढ्यात सळईवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. त्याची जाडी अवघे काही नॅनोमीटर, केसाच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतकी. मजल्यावर मजले चढवलेली इमारत एवढ्याशा कवचाच्या भरवशावर उभी असते!

कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो, चुन्याशी संयोग पावतो आणि सामू 9 च्या खाली आणतो. मग कवच टिकत नाही. समुद्रकाठचे क्लोराइड याहून घातकी. सामू जागच्या जागी असतानाही ते कवचाला भोकं पाडतात, अशा वेळी गुलाबी रंगही फसवा ठरतो. पणजीचा मांडवीवरचा पूल बांधून वीस वर्षंही झाली नव्हती, तोच 1986 मध्ये कोसळला. त्याच्या ताणलेल्या केबल गंजल्या होत्या.

गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. काँक्रीट दाब सोसण्यात बलदंड, पण ताण सोसण्याची त्याची ताकद जेमतेम एक दशांश. आतून रेटा आला की सळईच्या रेषेत भेग पडते, मग छताचे पोपडे गळू लागतात. 16 मिलिमीटरची सळई चहूबाजूंनी 1 मिलिमीटर झिजली, तरी तिच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे 23 टक्क्यांनी घटतं. त्यात पकडही सुटते. नवल असं, की अगदी सुरुवातीचा किंचित गंज ही पकड उलट थोडी वाढवतो. भेग पडली की मात्र पकड झपाट्याने उतरते. अशा भेगेवर नुसता गिलावा थापून रंग मारलेला मला बघवत नाही. आत सळई गंजतच असते.

मेक्सिकोतल्या प्रोग्रेसो बंदराचा लांबलचक धक्का 1941 च्या सुमारास बांधून झाला, त्यात स्टेनलेस स्टीलच्या सळया घातल्या होत्या. तो आजही खाऱ्या पाण्यात उभा आहे. शेजारी पुढे साध्या सळयांचा दुसरा धक्का बांधला गेला. त्याचे आता पाण्यात नुसते अवशेष दिसतात.