तंजावरच्या शस्त्रागारातील बंदुका आणि दस्त्याच्या लाकडाची साक्ष

चेन्नई येथील शासकीय संग्रहालयाच्या शस्त्रसंग्रहात तंजावरच्या राजवाड्यातून आलेल्या शस्त्रांचा मोठा वाटा आहे. अशा संग्रहातील जुन्या बंदुकांपुढे प्रेक्षकांची नजर प्रथम नळीवर जाते. मात्र बंदूक कोठे सिद्ध झाली, याचा महत्त्वाचा पुरावा नळीखालच्या लाकडी दस्त्यात असतो.

नळी लोखंडाची आणि टिकाऊ. ती दूरदेशी विकली जाई, जुनी झाल्यावर नव्या दस्त्यावरही बसवली जाई. दस्त्यासाठी मात्र कारागीर बहुधा जवळपास मिळणारे लाकूड निवडत. बाराचा धक्का सोसणारे, सरळ रेषांचे आणि हवामानाने न वाकणारे लाकूड त्यासाठी लागते. युरोपात व उत्तर भारतात अक्रोडाला पसंती मिळाली, ती याच गुणांमुळे.

जपानचे उदाहरण बोलके आहे. १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडून तानेगाशिमा बेटावर तोड्याची बंदूक पोहोचली. तिचा मूळ नमुना गोवा किंवा मलाक्का परिसरातील असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. जपानी कारागिरांनी आखूड दस्त्याची, गालाला टेकवून झाडण्याची ही रचना कायम ठेवली. लाकूड मात्र त्यांनी आपल्या देशातील घेतले. 'आकागाशी' नावाच्या सदाहरित ओकचे हे चिवट लाकूड जपानी दस्त्यांत सर्वाधिक आढळते. रचना परदेशी असली तरी लाकूड बंदुकीचा मुलूख सांगते.

तंजावरच्या बाबतीत हा पुरावा अपुरा उरला आहे. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे निपुत्रिक निवर्तले आणि तेथील मराठी राज्य कंपनी सरकारने खालसा केले. पुढे १८६० च्या दशकात शस्त्रागार मोडीत निघाले. निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयास मिळाली. उरलेल्यांपैकी बरीच मोडून लोखंडाच्या भावाने विकण्यात आली. एम. जे. वॉलहाउस यांनी १८७८ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात ही हकीकत नोंदवली. जेथे शस्त्राची किंमत लोखंडाच्या वजनावर ठरली, तेथे लाकडाला मोल उरले नाही.

त्यामुळे वाचलेल्या बंदुकांचे दस्ते अधिक मोलाचे ठरतात. लाकडाचा छोटासा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्यातील छिद्रांची व किरणांची मांडणी दिसते. सागाची वार्षिक वलये, ओकचे रुंद किरण अशा खुणांवरून झाडाचे कूळ ओळखता येते. बंगळूर येथील काष्ठ विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी तुलनेसाठी लाकडांचे नमुने जतन केलेले आहेत. अर्थात, लाकडाचाही व्यापार होत असल्याने केवळ या एका खुणेवर निष्कर्ष काढता येत नाही; घडण, जोडकाम आणि नळीवरील खुणाही पाहाव्या लागतात.

जुना, तडकलेला दस्ता काढून नवा बसवल्यास बंदूक देखणी दिसते, पण तिचा हा पुरावा कायमचा जातो. म्हणूनच दुरुस्तीपूर्वी लाकडाची नोंद करणे आणि काढलेला प्रत्येक तुकडा जपून ठेवणे आवश्यक आहे.