लहान नेम, लांबचा पल्ला (लेखांक ६) : खाडा पडल्यानंतरचा दिवस

गेल्या लेखांकात नेम किती लहान असावा, याचा विचार आपण केला. दहा मिनिटं चालणं, पुस्तकाचं एक पान वाचणं, झोपण्यापूर्वी दिवसाबद्दल चार ओळी लिहिणं, असं काहीतरी बऱ्याच वाचकांनी सुरूही केलं असेल. पहिला आठवडा बहुतेकांचा बरा जातो. मग घरी पाहुणे येतात, मुलाला ताप येतो, ऑफिसातून निघायला उशीर होतो आणि खाडा पडतो.

खरी कसोटी लागते ती त्याच्या दुसऱ्या दिवशी. ‘आता मोडलंच आहे, तर एक तारखेपासून नव्याने सुरू करू, नाहीतर सरळ पाडव्यापासून,’ असं मन सांगू लागतं. नेम सुटतो तो बहुतेक वेळा इथे. आळसाला आपण उगाच फार दोष देतो.

या बाबतीत एका अभ्यासाचा मला फार आधार वाटतो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना रोज करायची एक साधी गोष्ट निवडायला सांगितली. खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची, कोणतीही चालेल. पण ती दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडलेली हवी, उदाहरणार्थ न्याहारीनंतर. बारा आठवडे लोक रोज नोंद करत होते की, ही गोष्ट किती आपसूक होते आहे. २०१० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला लागणारा मध्यक काळ निघाला ६६ दिवस. पण माणसामाणसांतला फरक बघा : कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असं दिसलं. (अभ्यासच बारा आठवड्यांचा होता, त्यामुळे हा वरचा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला आहे.) पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर रुळल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला.

मग ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे आलं कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये ‘सायको-सायबरनेटिक्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. शस्त्रक्रियेनंतर आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे त्यातला ‘किमान’ गळाला, रुग्णही गळाले आणि उरला नुसता आकडा. या आकड्याने माणसांचं नुकसान केलं आहे. बाविसाव्या दिवशीही पहाटे उठणं जड जातं, तेव्हा माणूस स्वतःलाच नालायक ठरवतो.

लॅलींच्या अभ्यासातली माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. एखादा दिवस चुकला म्हणून सवय घडण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मागचे दिवस पुसले गेले नाहीत आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू करावी लागली नाही.

चुकलेला दिवस नुकसान करत नसेल, तर नुकसान करतं कोण? हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये केलेला एक प्रयोग इथे आठवतो. त्यांनी काही जणांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग समोर हवं तेवढं आइस्क्रीम ठेवलं. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, कारण पोट भरलेलं होतं. पण जे सतत खाण्यावर ताबा ठेवून असत, त्यांनी उलट जास्त खाल्लं. मिल्कशेकमुळे त्यांचं पथ्य मोडलं होतं आणि एकदा मोडल्यावर राखायला काही उरलं नाही, असा त्यांच्या मनाचा हिशेब झाला. मोबाइलमधली अॅप्स आज नेमकी याच हिशेबाला खतपाणी घालतात. सलग दिवसांचा आकडा वाढत जातो आणि एका रात्रीत शून्य होतो. ते शून्य बघून कितीतरी जण अॅपही काढून टाकतात आणि नेमही सोडून देतात.

दुधाचा हिशेब आपण असा ठेवत नाही. दूध आलं नाही त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत खाडा लिहितो, महिनाअखेरीला तेवढे पैसे वजा करतो आणि दुसऱ्या दिवशी पातेलं पुन्हा दारात ठेवतो. खाड्याची नोंद व्हावी, तो लपवू नये; पण त्यापायी रतीब बंद करू नये.

आपल्या जुन्या रिवाजांना हे चांगलं कळलेलं होतं. सुतकात घरची पूजा थांबते, ते दिवस सरले की पुन्हा सुरू होते. मधल्या दिवसांचं प्रायश्चित्त कुणी मागत नाही. वेदपाठशाळांमध्ये प्रतिपदा, अष्टमी अशा तिथींना अनध्याय असतो. वर्षानुवर्षं चालायचा अभ्यास आखताना त्या लोकांनी सुट्टीही त्याच्याबरोबरच आखून ठेवली. रोज म्हणजे रोजच, हा हट्ट आपण अलीकडे लावून घेतला आहे.

माझ्या परिचयाच्या एक परिचारिका तीन पाळ्यांत काम करतात : कधी सकाळ, कधी दुपार, कधी रात्रपाळी. लहानपणी त्या गाणं शिकल्या होत्या आणि ते सुटल्याची चुटपुट त्यांना होती. पहाटे खर्जाचा रियाज करायचा म्हटलं, तर रात्रपाळीच्या आठवड्यात पहाट वॉर्डातच उजाडायची. शेवटी त्यांनी घड्याळाचा नाद सोडला. आता कामावरून आल्यावर डबा मोरीत ठेवायचा, हातपाय धुवायचे आणि चहाचं आधण ठेवण्यापूर्वी इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून दहा मिनिटं नुसता मंद्र षड्ज लावायचा, असा क्रम आहे. आवाज बसला असेल तर तोंड मिटून गुणगुणतात. अगदीच थकल्या असतील, तर भिंतीला टेकून तानपुरा ऐकतात. तो दिवस त्या खाड्यात धरत नाहीत. खाडे पडतातच, पण सलग दोन त्या पडू देत नाहीत. ‘पाळी बदलते हो, डबा रोज असतोच,’ असं त्या म्हणाल्या तेव्हा मला जाणवलं की, लॅलींच्या अभ्यासातलं ‘न्याहारीनंतर’ आणि यांचं ‘डबा ठेवल्यावर’ एकाच जातीचं आहे.

असं आधीच बांधून ठेवल्याने किती फरक पडतो, हे ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दिसलं. मिल्न, ऑर्बेल आणि शीरन यांनी २००२ मध्ये तो प्रसिद्ध केला. आठवड्यातून एकदा तरी वीस मिनिटं नेटाने व्यायाम करायचा, एवढीच विद्यार्थ्यांकडून अपेक्षा होती. काहीच न सांगितलेल्या गटात ३८ टक्क्यांनी तो केला. व्यायामाचे फायदे पटवून दिलेल्या गटात ३५ टक्क्यांनी. आणि कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे हे लिहून द्यायला लावलेल्या गटात ९१ टक्क्यांनी! नुसता उपदेश किती तोकडा पडतो, हे आम्हा लेख लिहिणाऱ्यांनी यातून शिकावं.

आता मनाच्या स्वास्थ्याबद्दल. बरं वाटू लागलं की करू, असं आपण म्हणतो. नैराश्यावरच्या ‘बिहेवियरल अॅक्टिव्हेशन’ या उपचाराचा क्रम उलटा आहे : मूड यायची वाट न बघता आधी छोटी, ठरलेली कृती करायची, मन मागून येतं. इंग्लंडमध्ये नैराश्य असलेल्या ४४० प्रौढांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत, कमी अनुभवी कर्मचाऱ्यांनी दिलेला हा साधा उपचार प्रशिक्षित तज्ज्ञांच्या संज्ञानात्मक वर्तन उपचारापेक्षा कमी ठरला नाही, आणि खर्चही कमी आला. छोट्या कृतीत एवढं बळ असतं. मात्र आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नसेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर अशा वेळी लेखमालेवर विसंबू नये. डॉक्टरांकडे जावं, किंवा सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तसंच, नेम चुकला की काहीतरी अघटित घडेल अशी धास्ती वाटत असेल, तीच कृती पुन्हा पुन्हा केल्याशिवाय चैन पडत नसेल, तर तोही डॉक्टरांना सांगण्याचा विषय आहे.

या आठवड्यात नवीन काही सुरू करू नका. जो नेम चालू आहे, तो घरातल्या कोणत्या रोजच्या गोष्टीनंतर करणार, ते वहीत लिहा. त्याखाली त्याचं सर्वांत छोटं रूप लिहा, ताप आला तरी जमेल एवढं छोटं. आणि तिसरी ओळ अशी लिहा : ‘खाडा पडला, तर दुसऱ्या दिवशी मी अमुक वेळी, अमुक जागी बसेन.’ ‘अमुक’च्या जागी तुमची वेळ आणि तुमची जागा भरा. ज्यांचा नेम दोन-तीन आठवड्यांपूर्वीच सुटला आहे, त्यांनी पाडव्याची वाट न पाहता आज संध्याकाळी पुन्हा बसावं, ही विनंती.